संघाची वही कोण लिहितं?

एम.ए., एम.कॉम. आणि एम.एस.डब्ल्यू.च्या मुलांसाठी डिजिटल पोर्टफोलिओची, म्हणजे आपले काम पुराव्यासह मांडणाऱ्या वेबपानाची, कार्यशाळा घ्यायची, आणि ती मुलांनीच मुलांसाठी घ्यायची, एवढाच प्रस्ताव होता. बेळगावातल्या एका कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्यावरून तीन आठवडे वाद चालला. संशोधक विद्यार्थिनी म्हणून माझी खुर्ची त्याच खोलीच्या कोपऱ्यात असते, त्यामुळे चहाच्या प्रत्येक फेरीला तो कानावर पडायचा. एका गटाचे म्हणणे, पदवी बोलते, बाकी सगळा दिखावा. दुसऱ्याचे म्हणणे, करायचेच तर पुण्याहून नाहीतर बेंगळूरहून ट्रेनर आणा आणि इंग्रजीतच करा, पोरखेळ नको. तिसऱ्याला एकच काळजी, पोर्टफोलिओ मराठीतून होणार का, आणि नसेल तर आपण त्यात कशाला पडायचे. तिन्ही गट पोटतिडकीने बोलत होते. पण ज्या पोरांचा पोर्टफोलिओ व्हायचा त्यांच्याकडे दाखवण्यासारखे काय आहे, हे तीन आठवड्यांत कुणी एकदाही विचारले नाही.

शेवटी ती कार्यशाळा झाली, आणि मीही तीत होते. माझे मत आधीच सांगते. ही कार्यशाळा मुलांनीच घ्यावी, आपण रोज बोलतो त्या मराठीत घ्यावी, आणि तिचा निम्म्याहून जास्त वेळ कॉम्प्युटर बंद ठेवावा. वेबपान तयार करणे हे त्यातले शेवटचे आणि सगळ्यांत सोपे काम. गूगल साइट्सवर ते दुपारभरात होते. अवघड काम त्याच्या आधीचे. गेल्या चार-पाच वर्षांत आपण काय काय केले ते आठवणे, त्यातले काम कोणते आणि नुसती हजेरी कोणती हे वेगळे काढणे, आणि प्रत्येक कामाला दाखवता येईल असा पुरावा शोधणे. हे काम पाहुणा ट्रेनर करून देऊ शकत नाही. कारण त्याला प्रश्न कुठला विचारायचा हेच ठाऊक नसते.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. आमच्याकडची बहुसंख्य मुले पदव्युत्तर पदवीनंतर स्पर्धा परीक्षा देतात: बँक, रेल्वे, कर्नाटकची केपीएससी, जमल्यास पलीकडची एमपीएससी. तिथे पोर्टफोलिओ कुणी उघडून बघत नाही. गुण लागतात, कटऑफ लागतो, जातीचा दाखला लागतो. हे शंभर टक्के खरे आहे, आणि पोर्टफोलिओ केला की नोकरी लागते असे सांगणाऱ्याला मी तरी कार्यशाळेच्या दारात उभे करणार नाही. पण हाच मुद्दा मांडणाऱ्या सरांना विचारावेसे वाटते, परीक्षा देणाऱ्या शंभरांतले लागतात किती? उरलेली मुले चार-पाच वर्षे अभ्यासिकेत घालवून तिशीच्या तोंडाशी बाहेर येतात तेव्हा त्यांच्या हातात काय असते? तेच मार्क्स कार्ड, आणि मधल्या वर्षांची कोरी पाटी. ती वर्षे खरोखर कोरी गेलेली असतात असेही नाही. कुणी शिकवण्या घेतलेल्या असतात, कुणी उद्यमबागेतल्या फौंड्रीत बिले लिहिलेली असतात, कुणी गावच्या सोसायटीचे हिशेब सांभाळलेले असतात. त्याला काम म्हणायचे असते हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, इतकेच.

आणि मार्क्स कार्ड बोलते म्हणता, तर ते कुठल्या भाषेत बोलते? आमच्याकडचा मुलगा कोल्हापूर-पुण्याला मुलाखतीला जातो आणि अर्जात पी.यू.सी. लिहितो. समोरच्याच्या डोक्यात पहिल्यांदा गाडीचे प्रदूषण प्रमाणपत्र येते. हा विनोद आमच्या घराघरात झालेला आहे. एसएसएलसी म्हणजे दहावी, पी.यू.सी. म्हणजे बारावी, हे सांगण्यात मुलाखतीची पहिली दोन मिनिटे जातात. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चे. त्याआधीच्यांच्या पदव्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या. म्हणजे एकाच घरात, एकाच कॉलेजात शिकलेल्या थोरल्या आणि धाकट्या बहिणीच्या पदवीवर दोन वेगळी विद्यापीठे. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झाले. इंग्रजीत जुन्या स्पेलिंगने शोधले तर एक निबंध सापडतो, नव्याने शोधले तर दुसरा. माणसांच्या नावांचे तर विचारूच नका. रेशन कार्डावर कन्नडमधून इंग्रजीत आलेले नाव वेगळे, मार्क्स कार्डावर वेगळे, आधारवर तिसरेच. माझ्या स्वतःच्या आडनावाची तीन स्पेलिंगे आहेत. एका संस्थेने, नाव घेत नाही, त्यापायी माझा अर्ज दोनदा परत पाठवला होता. पदवी बोलत असेलही, पण सीमेवर ती तोतरे बोलते.

संशोधन करणाऱ्यांसाठी यावर एक साधा उपाय आहे, आणि तो आमच्या पहिल्या सत्रात सगळ्यांना आवडला. ऑर्किड (ORCID) नावाची १६ अंकी ओळख २०१२ पासून जगभर फुकट मिळते. स्पेलिंग काहीही असो, आकडा एकच. तुमचा लेख कुठल्याही नावाने छापला गेला तरी त्या आकड्याखाली जमा करता येतो. वर्गातल्या एकाने विचारले, "अक्का, आधारसारखंच की गा हे?" जवळपास तसेच, म्हटले, फक्त हे सरकार देत नाही, आपले आपणच काढायचे.

दुसरा आक्षेप दिखाव्याचा. तो मला मनापासून पटतो, कारण "स्वतःचा ब्रँड करा" ही भाषा ऐकली की माझ्याही अंगावर काटा येतो. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, आणि ते चांगलेच शिकवतात. पण हा विनय सगळ्यांना सारख्याच भावात पडतो का? ज्याचा मामा ऑफिसात आहे, ज्याचे वडील कुठल्या संस्थेच्या संचालक मंडळावर आहेत, त्याला आपले काम स्वतः सांगावे लागत नाही. त्याच्या वतीने दुसरे सांगतात, तेही फोनवरून, आणि कागद न दाखवता. ओळख हा पैसेवाल्यांचा पोर्टफोलिओच आहे. फक्त तो वेबवर नसतो, म्हणून कुणाला दिखावा वाटत नाही. मग खानापूर तालुक्यातल्या जंगलाच्या कडेच्या गावातून येऊन पहिल्यांदा एम.कॉम. झालेल्या मुलीने गप्प राहावे, यात नेमका कुणाचा विनय सांभाळला जातो?

खरे तर पुरावा गोळा करून जपणे ही सीमाभागाला नवी गोष्ट नाहीच. सीमाप्रश्नात महाराष्ट्राचे म्हणणे कशावर उभे आहे? भाषणे पुष्कळ झाली, पण दावा उभा आहे तो गावागणिक कागदांवर. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही चार सूत्रे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि ८६५ गावांची यादी तर महाराष्ट्रातल्या प्रवेश प्रक्रियेच्या नियमांतही दिसते. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी तिथे वेगळी वर्गवारी आहे. त्यासाठी मराठी शाळेचे दाखले, आजोबांचे उतारे, जुन्या पावत्या घरोघरी ट्रंकेत ठेवलेल्या असतात. आमच्या आजीची ट्रंक मी पाहिली आहे. त्यात साडी एक आणि कागद दोन शेर. ज्या समाजाने आपण कोण आहोत हे सिद्ध करायला सहा-सात दशके ट्रंका भरल्या, त्याच समाजातले प्राध्यापक मुलांनी आपण काय केले याचे चार कागद नीट लावले तर त्याला दिखावा म्हणतात, याची मला गंमत वाटते.

आणि त्या चार सूत्रांतले पहिले मी कार्यशाळेत शब्दशः वापरले. खेडे हा घटक. जिल्हा किंवा तालुका घेऊन बोललात की वाद मोघम होतो, गाव घेतलेत की उत्तर द्यावे लागते. पोर्टफोलिओचेही तसेच. "मला संशोधनाची आवड आहे, संघटनकौशल्य आहे, मी मेहनती आहे" हा झाला जिल्हा. "वडगावच्या वीस मागवाल्यांना भेटून सुताच्या भावाची ही सारणी मी केली, ही प्रश्नावली, हे माझ्या हाताने दुरुस्त केलेले पान" हे झाले खेडे. मोघम विशेषण दिसले की शेजाऱ्याने फक्त "गाव सांग" म्हणायचे, असा आमचा नियम ठरला. दुसऱ्या दिवसापर्यंत खोलीत दर दोन मिनिटांनी कुणीतरी "गाव सांग, गाव सांग" ओरडत होते.

याच बेळगावात १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढून किर्लोस्करांनी सुरुवात केली, आणि पुढे लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला आहे असे सांगून तो खपत नव्हता. आपल्या कामाचेही तसेच, नुसते सांगून भागत नाही, दाखवावे लागते. किर्लोस्कर रोडवर रोज फिरणाऱ्या आम्हा लोकांना हे निदान ठाऊक असायला हवे.

आता तिसरा आक्षेप, सगळ्यांत टोकदार. मुलांनीच मुलांना शिकवायचे म्हणजे आंधळ्याने आंधळ्याचा हात धरायचा. ज्याला स्वतःला नोकरी नाही तो दुसऱ्याला काय दिशा देणार? या आक्षेपाला माझ्याकडे एक उत्तर आहे आणि एक कबुली.

उत्तर असे. बरोबरीच्याने शिकवणे ही काही कालची टूम नाही. पंतोजींच्या शाळेत थोरली पोरे धाकट्यांकडून पाढे घोकून घेत. मद्रासच्या अनाथाश्रमात ॲण्ड्रू बेल नावाच्या पाद्र्याने इथल्या शाळांतली हीच रीत उचलली, १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली, आणि पुढे इंग्लंडभर ती "मद्रास पद्धत" म्हणून चालली. आपणच दिलेली गोष्ट आपल्याला पोरखेळ वाटते. अलीकडचे उदाहरण हार्वर्डचे. एरिक माझूर हे तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आपली व्याख्याने मुलांना आवडतात पण मूळ कल्पना डोक्यात शिरत नाहीत हे त्यांच्या लक्षात आले, आणि १९९१ पासून ते वर्गात प्रश्न टाकून मुलांना एकमेकांशी वाद घालायला लावू लागले. त्यांचे निरीक्षण साधे आहे: ज्याला एखादी गोष्ट नुकतीच कळली त्याला ती कुठे अडली होती हे आठवते, प्राध्यापक ते विसरून गेलेला असतो. बेलच्या पद्धतीचे पुढे नुसते घोकंपट्टीचे कारखाने झाले हेही खरे, कारण तिथे थोरला मुलगा वरून आलेला धडाच खाली ढकलत होता. बोलण्याची मुभा दोघांनाही असली तरच ही रीत चालते. म्हणून आमच्याकडे भाषण कुणी द्यायचे नाही, जोडीने बसून फक्त विचारायचे, असे ठरले.

त्यातली एक जोडी मी जवळून पाहिली. खानापूर तालुक्यातली ती एम.कॉम.ची मुलगी वही बंद करून बसली होती. "मी काय केलेलंच नाही अक्का," एवढेच म्हणत होती. तिच्या जोडीला नंदगडकडची एम.एस.डब्ल्यू.ची मुलगी होती. तिने पोर्टफोलिओचे नावच काढले नाही. तुमच्याकडे पाऊस किती, एस.टी. कधी येते, आई काय करते, असे काहीबाही चालले होते. मग सहज विचारले, "तुमच्याकडं स्त्रीशक्ती संघाची वही कोण लिहितं?" ती म्हणाली, "मीच की. आईला लिहायला येत नाही ना." किती वर्षे? "पी.यू.सी.ला होते तेव्हापासून." म्हणजे सहा वर्षे. वीस बायकांचा संघ, दर आठवड्याची बचत, कर्जाचे हप्ते, बँकेशी ताळा, आणि एकदा बँकेच्या पासबुकात राहून गेलेली नोंद हिने वहीवरून दाखवून दुरुस्त करून घेतलेली. एम.कॉम.च्या मुलीने सहा वर्षे वीस खात्यांचा हिशेब एकटीने ठेवला आणि तिला तो काम वाटला नाही, कारण तो घरचा होता आणि त्याचे सर्टिफिकेट नव्हते. बेंगळूरच्या ट्रेनरने "तुमची लीडरशिप जर्नी सांगा" असे विचारले असते आणि तिने पुन्हा वही बंद केली असती. संघाची वही कुणीतरी लिहीत असणारच, आणि ती बहुधा घरातली शिकलेली पोर असणार, हे ज्याच्या गावात संघ आहे त्यालाच सुचते.

आता कबुली. पहिल्या दिवशी मी एक घोडचूक केली. सगळ्यांनी मार्क्स कार्डे, सर्टिफिकिटे स्कॅन करून ड्राइव्हवर टाका आणि पानावर लिंक द्या, असे मीच सांगितले. लिंक असलेल्या कुणालाही फाईल दिसेल, हा पर्यायही मीच निवडायला लावला, कारण तोच सोपा होता. काहींनी त्याच फोल्डरमध्ये आधार कार्ड ठेवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एम.सी.ए.च्या एका मुलाने शांतपणे स्वतःच्या मोबाइलवर एकाचे आधार, जन्मतारीख आणि वडिलांची सही उघडून दाखवली, तेव्हा मला घाम फुटला. जवळपास एक दिवस ते सगळे उघड्यावर होते. आम्ही कार्यशाळा थांबवली, बसून एकेक फोल्डर बंद केले. तेव्हा तज्ज्ञ नकोच असे मी म्हणणार नाही. कुठली फाईल कुणाला दिसते, दुसऱ्याने काढलेला फोटो वापरता येतो का, मुलाखत दिलेल्या माणसाचे नाव कधी झाकायचे, या गोष्टी जाणकाराकडून तासभर शिकाव्यात आणि निमूट पाळाव्यात. निपाणीच्या विडी कामगार बायकांवर प्रकल्प केलेल्या एकाने त्यांचे चेहरे मोठे करून पहिल्याच पानावर लावले होते. विचारले होते का? "फोटो काढताना हसल्या होत्या की," म्हणाला. हसणे म्हणजे संमती नव्हे, हे त्याला सांगणारे कुणीतरी मोठे माणूस खोलीत हवेच होते. पण मार्क्स कार्डे आणि पदव्या आता सरकारच्या डिजिलॉकरमधूनही मिळतात, त्या लिंकवर टांगायची गरजच नाही, हे सांगणारा तो एम.सी.ए.चा मुलगाच होता, तज्ज्ञ नव्हे. म्हणजे तज्ज्ञाला किती जागा द्यायची, हा प्रश्न आहे. माझे उत्तर, एक तास. बाकीचे पाच तास मुलांचे.

राहता राहिला भाषेचा वाद, आणि इथे मी दोन्ही बाजूंचा राग ओढवून घेणार आहे.

इंग्रजीवाल्यांचे अर्धे खरे आहे. पोर्टफोलिओ वाचणारा बहुधा इंग्रजीत वाचतो. पुण्यातली कंपनी, बेंगळूरची संस्था, परदेशातले विद्यापीठ, कुणीही. तेव्हा शेवटचे पान इंग्रजीत हवे, बिनचूक हवे, त्यात सवलत नाही. पण पान कुठल्या भाषेत आणि त्या पानापर्यंत पोचण्याचे बोलणे कुठल्या भाषेत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इंग्रजीत विचार करायला बसवले की आमची मुले आपल्या कामाऐवजी आपल्याला येणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी लिहितात. त्यामुळे साठ जणांचे साठ पोर्टफोलिओ एकाच साच्यातले निघतात, सगळेच "हार्डवर्किंग" आणि "टीम प्लेयर". आधी मराठीत भांडा, मग इंग्रजीत लिहा.

मराठीवाल्यांचेही अर्धेच खरे. मराठी एम.ए.च्या मुलाचा लघुप्रबंध मराठीतच राहावा, त्याचे दोन परिच्छेदांचे इंग्रजी सार वर जोडावे, इतके पुरे. पण इथे एक गोष्ट आहे जिच्यावर मराठीसाठी भांडणारे कधी बोलत नाहीत, आणि मला ती सगळ्यांत जास्त लागते. त्या मुलाने कॉम्प्युटरवर आपला लघुप्रबंध उघडला, मजकूर उचलून पानावर चिकटवला, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि कंसांचा पाला-पाचोळा पडला. प्रबंध गल्लीतल्या डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला. युनिकोड या सगळ्या कॉम्प्युटरांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आमची डीटीपीची दुकाने अजून तिथेच आहेत, कारण छापायला तेवढे पुरते. कागदावर ते देखणे मराठी असते, यंत्राच्या दृष्टीने ते मराठीच नसते; शोधले तर सापडत नाही. मोडीचे काय झाले आठवा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपी घरोघरी चालली तिचे कागद आज नातवंडांना वाचता येत नाहीत, माणूस शोधावा लागतो. पण मोडीचा निदान कागद उरला. जुन्या फॉन्टमधला प्रबंध त्या दुकानाचा कॉम्प्युटर बंद पडला की गेला. पोर्टफोलिओ मराठीत हवा म्हणणाऱ्यांनी आधी प्रत्येक लघुप्रबंध युनिकोडमध्येच टाईप झाला पाहिजे, असा आग्रह धरावा. आम्ही त्या मुलाचा मजकूर कन्व्हर्टरमधून काढला. रफार सगळे उलटेपालटे झाले होते, "कार्य" आणि "सूर्य" ओळखू येईनात. चौघांनी दोन दुपारी बसून नव्वद पाने वाचली. माझ्या लेखी त्या कार्यशाळेतले मराठीचे सर्वांत मोठे काम तेच झाले, आणि त्याला घोषणा लागली नाही.

तिसरी भाषा उरली. आमच्या जवळपास प्रत्येक मुलाला कन्नड येते. दुकानात, बसमध्ये, तालुक्याच्या कचेरीत तो रोज बोलतो, पुष्कळांना वाचताही येते. पण पोर्टफोलिओत ती लिहायला हात अडखळतो. एकाने तर लिहून खोडली. का, विचारले तर म्हणाला, "घरात बघितलं तर बोलतील." मी समजू शकते. फलकांवरून ज्यांच्या गावात लाठ्या पडल्या त्या घरांना भाषेची इजा ठाऊक आहे, आणि मराठी कागदपत्रे मिळावीत ही मागणी मी स्वतः सोडलेली नाही. पण कन्नड येते असे लिहिल्याने सीमाप्रश्न नेमका कुठे कमजोर होतो? शाळेत मुलांवर लादलेली भाषा आणि मोठ्या माणसाने कमावलेली भाषा यांत फरक करायला आपण कधी शिकणार? एकच प्रश्नावली मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत लिहून, तिन्हींत विचारून, उत्तरे एकाच सारणीत आणणारा विद्यार्थी पुण्यातही मिळत नाही आणि बेंगळूरमध्येही सहजी मिळत नाही. तो इथे बाकाबाकावर बसलेला असतो. खोडलेली ओळ त्याने परत लिहावी असा मी हट्ट धरला नाही. त्याने तिन्ही भाषांतली प्रश्नावली मात्र पानावर लावली, आणि भाषांच्या रकान्यात तरीही दोनच नावे ठेवली. ज्याला कळायचे त्याला कळेल.

एक सावधगिरी घाईत सांगून टाकते. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, ऑर्कुट २०१४ मध्ये. लोकांनी वर्षानुवर्षे मांडलेले संसार त्यांच्याबरोबर गेले. तेव्हा पान कुठेही करा, मूळ फाइली पेनड्राइव्हवर आणि आणखी एका जागी ठेवा. ट्रंक शेवटी घरातच हवी.

त्या खानापूरकडच्या मुलीचे पान अजून पुरे झालेले नाही. संघाच्या वहीतली तीन पाने नमुना म्हणून लावायची असे ठरले, आणि माझ्या पहिल्या दिवशीच्या घोळानंतर मीच तिला बजावले की बायकांची नावे झाकल्याशिवाय एक ओळही वर जाता कामा नये, आणि त्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच. तिने आठवड्याच्या बैठकीत वही पुढे ठेवून विचारले. एकोणीस जणी म्हणाल्या, नावे झाक, बाकी दाखव खुशाल. विसावी ऐकेना. तिने वहीवर आपल्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "माझं झाकू नको गं. सगळ्यांच्या आधी मी फेडलंय."